आण्णा म्हणाले, गळ्यातली माळ काढून ठेव – धाकट्या भावासाठी सल्ला हवाय (मोठं आहे, सांभाळून घ्या)

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इथे पाच-सहा वर्षं वाचतेय, पाककृती आणि कुंड्यांच्या धाग्यांवर थोडंफार लिहिलंय, पण असलं काही पहिल्यांदाच लिहितेय. हात थरथरतोय खरं तर.

माहेर नगर जिल्ह्यातलं. घरात तीन पिढ्यांची वारी. वडील (आण्णा) कीर्तनकार, पंचक्रोशीत मान आहे, सप्ताह म्हटला की काल्याचं कीर्तन त्यांचंच. घरात कांदा-लसूण चातुर्मासात बंद, एकादशीला पाच वर्षांच्या पोरानेही भगर खायची, पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ. मी हे तक्रार म्हणून नाही सांगत, मला ते सगळं आवडायचं आणि आजही हरिपाठ पाठ आहे. फक्त घर कसं आहे ते कळावं म्हणून.

धाकटा भाऊ २२ वर्षांचा. बी.कॉम. झालाय, मृदंग सुंदर वाजवतो. दोन वर्षांपूर्वी दिंडीत त्याची एका मुलाशी ओळख झाली, तोही मृदंगवालाच, वर्षभराने मोठा, बारामतीकडचा. यंदा मी सासवड ते जेजुरी त्यांच्यासोबत चालले. मुक्कामाला कीर्तनाआधी तो मित्र परातीतली कणीक घेऊन बसला होता, ओल्या बोटांनी मळून मळून माझ्या भावाच्या मृदंगाच्या धुमेवर (डाव्या तोंडावर) थापत होता, कडा अंगठ्याने गोल करत होता. आणि भाऊ नुसता त्याच्या हाताकडे बघत होता. मला तेव्हाच कळलं. मी काही बोलले नाही, चहा आणायला उठून गेले.

नवरात्रात चुलतभावाच्या हाती त्याचा फोन लागला, त्याने मेसेज थेट आण्णांना दाखवले. आण्णांनी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. देवघरासमोर उभं करून म्हणाले, "माळ काढून ठेव. तुझा तिच्यावर अधिकार नाही." त्याने काढली आणि वीणेच्या खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुण्याला घेऊन आले.

आता मावशीच्या नात्यातली मुलगी बघितलीय, २१ वर्षांची, तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा म्हणतायत. शिवाय कुणीतरी नगरला एक डॉक्टर सुचवलाय जो म्हणे बारा वेळा बोलावतो आणि "बरं करून" देतो. आई फोनवर नुसती रडते.

मी काय करू? लग्न कसं थांबवू? आणि आण्णांशी बोलू कशी? मला आण्णाही हवे आहेत आणि भाऊही.

कंदीपेढा
ताई, आधी एक खोल श्वास. त्याला पुण्याला आणलंत हे फार मोठं काम केलंत. बाकी जाणकार लिहितीलच.

रोखठोक
सॉरी पण स्पष्ट लिहितो. २२ व्या वर्षी कुणाला काय कळतं? ही सगळी मोबाईलची आणि वेब सिरीजची देणगी आहे, पाश्चात्त्य खूळ. आमच्या गावात असं कधी ऐकलं नव्हतं. लग्न होऊ द्या, संसाराला लागला की विसरेल. वडिलांच्या इभ्रतीचाही विचार करा, कीर्तनकाराच्या घरात हे म्हणजे उद्या त्यांना सप्ताहाला कोण बोलावेल?

पुस्तकातली_पिंपळपानं
@रोखठोक, ऐकलं नव्हतं याचा अर्थ नव्हतं असा होत नाही, बोलायची सोय नव्हती. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली सुरू केलं, त्यात वाचक पत्रं पाठवून प्रश्न विचारायचे. समलिंगी संबंधांबद्दलही विचारायचे, आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, पण मुद्दा असा की नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस हे मराठीत विचारत होता. तेव्हा कुठला मोबाईल होता हो?

एक_अनामिका_४१
@रोखठोक, "लग्न होऊ द्या" हे वाक्य वाचलं आणि ताटावरून उठले.

ती मुलगी मी होते. २००८ साली माझं लग्न झालं. घराणं धार्मिक, माणसं चांगली, मुलगा शांत, निर्व्यसनी, माझ्या आईवडिलांना अजून काय हवं होतं. चार वर्षं मी स्वतःमध्ये दोष शोधत राहिले. वजन कमी केलं, सोळा सोमवार केले, डॉक्टर केले, तो प्रत्येक वेळी सोबत यायचा, बाहेर बाकावर बसून राहायचा. एके रात्री त्याने सांगितलं. पाय धरले माझे. घरच्यांना लग्नाआधीच माहीत होतं, सासऱ्यांनी देवापुढे शपथ घातली होती त्याला की कुणाला सांगायचं नाही.

आम्ही संमतीने घटस्फोट घेतला. वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं, असं करत करत माझी तिशी गेली. त्याच्यावर माझा राग नाही आता. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, मी उत्तर देते. पण ज्या मोठ्या माणसांना माहीत होतं त्यांच्यावर मात्र आहे, अजून आहे.

इंद्रायणीकाठ, त्या २१ वर्षांच्या मुलीचं कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. लग्न भावासाठी तर थांबवाच, तिच्यासाठीही थांबवा.

कंदीपेढा
@एक_अनामिका_४१ 🙏 काय लिहावं कळत नाही.

रोखठोक
@एक_अनामिका_४१, तुमच्यावर जे गुदरलं ते वाईटच. त्या मुलीचा विचार मी केला नव्हता हे मान्य करतो. तरी बाकी मतावर ठाम आहे.

डॉ_निवांत
मानसोपचार माझा व्यवसाय, म्हणून त्या "बारा वेळा बोलावणाऱ्या" माणसाबद्दल आधी लिहितो. तिथे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. आमच्या भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर म्हटलं. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे "बदलायचे" उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं, म्हणजे परवान्यापर्यंत जाऊ शकतं प्रकरण. तो खरंच डॉक्टर असेल तर त्याला हे माहीत असायला हवं आणि डॉक्टर नसेल तर मग तो कोण आहे?

अजून एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एखाद्याचं वागणं त्याच्या समाजातल्या नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

आता महत्त्वाचं. जेवतो का? झोपतो का? एकटा गप्प बसतो का? मरणाबद्दल काही बोलला का, सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट बोलून हलकं होतं. गरज वाटली तर सरकारी टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. इथेच लिहा म्हणजे मीही बघेन.

इंद्रायणीकाठ
डॉक्टर, विचारलं. मरणाबद्दल तसं काही नाही म्हणाला, आणि मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. झोपतो पण पहाटे चारला उठून बसतो, काकड्याची सवय.

पण जेवत नाहीये. तीन दिवस झाले, चहा-पाणी घेतो, ताट दिलं की "नको ताई". आज पोळीचा तुकडा हातात घेऊन बसला आणि परत ठेवला. मला वाटलं मन लागत नसेल, म्हणून त्याला आवडतं म्हणून थालीपीठ केलं तरी तेच.

खडकवासला_एक्स्प्रेस
मी नास्तिक माणूस, मला विचाराल तर या माळा-बिळांतून पोराला एकदा मोकळा करा. पुण्यात आणलाय ना, छान, नोकरी लावून द्या, त्याच्यासारखी मुलं भेटतील, इथे समलैंगिकांची प्राइड मिरवणूक निघते २०११ पासून, तिथे घेऊन जा. जो धर्म तुमच्या पोराला नाही म्हणतो त्याला तुम्ही पण नाही म्हणा, विषय संपला. वडील येतील चार वर्षांनी सुतासारखे सरळ.

सातपाटी_ते_सांताक्रूझ
माहिती म्हणून: अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ साली सुरू झाला, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ साली. आणि ताई तुमच्या आईसाठी, 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, त्यात आपल्या मुलांचं हे पचवून उभे राहिलेले आईबाप आहेत. आईला आईच समजावू शकते. माझ्या मावशीला तिथल्या एका बाईंनी पाऊण तास फोनवर नुसतं रडू दिलं होतं, मग म्हणाल्या, आता बोला.

वसईचा_पोर्तुगीज_वाडा
@खडकवासला_एक्स्प्रेस, तुमचा हेतू चांगला आहे पण असं होत नाही हो.

मी वसईचा कॅथलिक, आम्ही घरात रोज रात्री गुडघे टेकून माळेची प्रार्थना करणारे. विसाव्या वर्षी मी चर्चच्या गायनवृंदातल्या गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या प्रेमात पडलो. ख्रिसमसच्या सरावाला त्याच्या शेजारी उभं राहायला मिळावं म्हणून मी माझा आवाज नसताना खालच्या पट्टीत गायचो. घरी कळल्यावर मला कुणी बाहेर काढलं नाही, पण जी मंडळी मला धीर द्यायला आली, मुंबईतली, शिकलेली, त्यांनी सगळ्यांनी हेच सांगितलं की सोड ते चर्च. आणि मी सोडलं. सहा वर्षं गेलो नाही. त्या सहा वर्षांत मी फार एकटा होतो, त्या मुलाशिवाय नाही, त्या गाण्यांशिवाय. ते कुणाला समजावून सांगता यायचं नाही.

आता जातो. मागच्या बाकावर बसतो. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये विमानात पत्रकारांशी बोलताना म्हणाले होते की न्याय करणारा मी कोण, ते मी आईला वाचून दाखवलं होतं तेव्हा ती काही बोलली नाही. पण १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनने अशा जोडप्यांना धर्मगुरूंनी आशीर्वाद द्यायला परवानगी दिली (लग्न म्हणून नाही, नुसता आशीर्वाद, आणि त्यावरूनही जगभर केवढं वादळ झालं) तेव्हा तिने स्वतः पेपर आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, हे बघ. एवढंच. दहा वर्षं लागली तिला तेवढ्याला.

खाडीपट्टा
वसईकरांशी शंभर टक्के सहमत. मी चिपळूणकडची, कोकणी मुसलमान. कॉलेजच्या हॉस्टेलला माझी एक मैत्रीण होती, मैत्रीण म्हणजे काय ते समजून घ्या. मोहल्ल्यात कळलं तेव्हा मला सांगण्यात आलं की तू आता आपली नाहीस. आणि पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, बरं झालं, आता तो स्कार्फ पण काढ. म्हणजे दोन्हीकडून एकच निरोप, निघून जा. मी अजून रोजे ठेवते, नमाज पढते, स्कार्फ घालते आणि मला मुलीच आवडतात. माझ्या आत यात भांडण नाहीये, भांडण बाहेर आहे.

ताई, तुमच्या भावाने माळ फेकली नाही, खुंटीला अडकवली. तुम्हीच लिहिलंय. ते परत वाचा.

इंद्रायणीकाठ
@खाडीपट्टा, वाचलं. आणि घशात काहीतरी अडकलं.

वकीलबाई_शिवाजीनगर
कोर्टातून आत्ता आले, कायद्याचं लिहिते. भाऊ सज्ञान आहे, त्याला कुठे राहायचं आणि कुणासोबत, हे तो ठरवणार, आण्णा नाही आणि तुम्हीही नाही. ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, पाच न्यायमूर्तींचा, सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेलं नातं गुन्हा नाही. आता तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलमच नाही. त्यामुळे चुलतभाऊ किंवा कुणीही "पोलिसात देतो" म्हणाला तर घाबरू नका. मात्र खोटी आशाही नको, १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता दिलेली नाही, म्हणजे त्या दोघांना उद्या एकत्र राहता येईल, पण कागदावर ते एकमेकांचे कुणी नाहीत. दवाखाना, बँक, वारसा, तिथे अडतं. ते नंतर बोलू, मृत्युपत्र, नॉमिनी वगैरे मार्ग असतात.

घरच्यांनी जबरदस्तीने ठेवून घेतलं तर हायकोर्टात जाता येतं. केरळ हायकोर्टाने ३१ मे २०२२ ला दोन तरुणींना, दोघींची घरं कडक धार्मिक, एकत्र राहायची मोकळीक दिली. आणि ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या कोर्टांना सांगितलं की अशा प्रकरणात त्या व्यक्तीची इच्छा एकांतात विचारा, समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायचा प्रयत्न करू नका.

साखरपुड्याचं सोपं आहे. भावाने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, मुलीच्या वडिलांना नाही म्हणायचं. कारण द्यायची गरज नाही. "मला लग्न करायचं नाही" एवढं पुरे. तुम्ही शेजारी बसा.

रोखठोक
आणि गावात भगत-बिगत असेल तर? आमच्याकडे असल्या गोष्टी लगेच तिकडे नेतात. (मी विरोधात असलो तरी तसलं काही होऊ नये.)

वकीलबाई_शिवाजीनगर
@रोखठोक, चांगला मुद्दा. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मारहाण, चटके, अघोरी उपाय, थेट गुन्हा.

धा_धीं_ता
थोडं अवांतर, माफ करा. धुमेला कणीक लावण्याचं वर्णन वाचून राहवलं नाही, मीही पखवाज (मृदंगच तो) वाजवतो. जाड दळलेलं पीठ असेल तर वाजवताना सुटून येते, बारीक पीठ, सैलसर मळून, आणि वाजवून झालं की लगेच खरवडून काढायची, नाहीतर पुडी (तोंडावरचं कातडं) खराब होते.

सातपाटी_ते_सांताक्रूझ
कणीक कशाला पण? तबल्याच्या डग्ग्याला तर शाई असते की.

धा_धीं_ता
डग्ग्याची शाई कायमची असते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेने भार देतात, त्याने तो खोल घुमारा येतो. दरवेळी ताजी. किती लावायची ते ज्याच्या-त्याच्या कानावर. दुसऱ्याच्या पखवाजाला नेमकी तेवढी लावता येणं म्हणजे त्याचा हात पूर्ण ओळखीचा असला पाहिजे, गुरूंची मी आठ वर्षं मळली तेव्हा कुठे ते हूं म्हणाले. म्हणून ताईंना पाहताक्षणी कळलं ते मला पटलं.

टाळकरी_आळंदी
राम कृष्ण हरी. मी सहसा वाचतो, लिहीत नाही. वय अडुसष्ट, चाळीस वर्षं फडात आहे, कीर्तनही करतो. नातवाने टाईप करून दिलंय.

बेटा, पहिली गोष्ट. तुझा भाऊ रागाने किंवा दुःखाने उपाशी नाही. गळ्यात माळ नसताना वारकरी अन्न घेत नाही. माळ तुटली तर ओवून परत गळ्यात पडेपर्यंत तोंडात पाणी न घालणारी माणसं मी पाहिली आहेत. तुझे आण्णा कीर्तनकार आहेत, त्यांना हे माहीत आहे. माळ काढायला सांगताना त्यांच्या ध्यानात आलं नसेल, पण रात्री आलं असेल, आणि ते झोपले नसतील.

दुसरी गोष्ट. मला हे सगळं कळतं असं मी म्हणत नाही. माझ्या वयाला ते जड जातं आणि खोटं कशाला बोलू. पण माळ घालताना जे सांगतात ते मला पाठ आहे. एकादशी कर. वारी चुकवू नको. हरिपाठ म्हण. मद्य-मांस नको. परस्त्री मातेसमान. खरं बोल. तुझ्या आण्णांना एवढंच विचार की यातला कुठला नियम मोडला. आणि साखरपुड्याला उभा राहून त्या पोरीच्या हातात अंगठी घातली तर कुठला मोडेल.

माळ घालणाऱ्याने ती काढायला सांगितल्याचं मी चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही. चोखोबांना आयुष्यभर पंढरपूरच्या महाद्वाराच्या आत येऊ दिलं नाही, समाधी अजून बाहेर पायरीपाशी आहे. ते दार साऱ्यांना उघडायला १९४७ साल यावं लागलं आणि साने गुरुजींना दहा दिवस उपाशी बसावं लागलं. तेव्हा अडवणारेही माळकरीच होते. आपल्याकडून चुका होतात.

उद्या पहाटे त्याला घेऊन आळंदीला ये. ज्ञानेश्वरीवर ठेवून मी माळ घालतो. मग इथेच जेवायचं. माझी बायको पिठलं-भाकरी करेल.

पुस्तकातली_पिंपळपानं
बाबा 🙏🙏

खडकवासला_एक्स्प्रेस
मी वर जे लिहिलं, माळा-बिळा, ते मागे घेतो. जेवत नाही याचं कारण ते असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. ताई, उद्या गाडी लागत असेल तर सांगा, हडपसर-आळंदी मी सोडतो, पहाटे चारला पण चालेल.

इंद्रायणीकाठ
टाळकरीबाबा, मी कीर्तनकाराची मुलगी असून मला हे सुचलं नाही याची लाज वाटली आणि मग खूप रडले. भावाला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, अलार्म साडेतीनचा लाव."

एक_अनामिका_४१
कळव गं काय झालं ते.

इंद्रायणीकाठ
जाऊन आलो. इंद्रायणीवर धुकं होतं, घाटावर दोन-चार म्हातारी माणसं. बाबांनी काही विचारलं नाही त्याला. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली, गळ्यात घातली, हा त्यांच्या पाया पडला तर त्यांनीही वाकून याच्या पायाला हात लावला, माऊली म्हणून. आपल्यात लावतातच, मला माहीत आहे, लहानपणापासून हजार वेळा बघितलंय. तरी.

तीन भाकरी खाल्ल्या त्याने. काकू वाढत होत्या आणि म्हणत होत्या, हळू खा रे, ठसका लागेल. (खडकवासला_एक्स्प्रेस दादांनी पण तीन खाल्ल्या आणि ठेचा मागून घेतला 🙂)

खडकवासला_एक्स्प्रेस
चार खाल्ल्या. आकडा दुरुस्त करावा.

रोखठोक
पोरगं जेवलं हे बरं झालं.

संपादक_मंडळ
भावाची, गावाची ओळख पटेल असे तपशील कृपया कुणी विचारू नयेत. दोन प्रतिसाद त्यामुळे काढले आहेत.

इंद्रायणीकाठ
बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कार्तिकी होऊन गेली. बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून इथेच सांगते.

साखरपुडा झाला नाही. वकीलबाईंनी सांगितलं तसंच केलं. भाऊ स्वतः मुलीच्या वडिलांकडे गेला, मी सोबत होते, "मला लग्न करायचं नाही, तुमच्या मुलीत काही कमी नाही" एवढंच बोलला. ते चिडले, मावशी माझ्याशी बोलत नाही अजून, पण निघताना ती मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच थँक्यू म्हणाली, तिला पुढे शिकायचं होतं म्हणे.

आई 'स्वीकार'मधल्या एका काकूंशी दोनदा बोलली आहे, आण्णा शेतात गेल्यावर. पहिल्यांदा फक्त रडली. दुसऱ्यांदा त्या काकूंना लोणच्याची कृती सांगितली, म्हणजे आई रुळतेय.

मित्राच्या घरी अजून माहीत नाही. तो रविवारी येतो, दोघं माझ्या गच्चीवर बसतात. माझा नवरा पहिल्या वेळी अवघडला होता, आता त्याला क्रिकेटला जोडीदार मिळाला.

आण्णांना मी टाळकरीबाबांचा प्रश्न फोनवर विचारला, कुठला नियम मोडला. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "माळ कुणी घातली?" मी नाव सांगितलं. फोन ठेवला.

आणि काल गावाकडून भाजीचा टेम्पो आला, ड्रायव्हर म्हणाला महाराजांनी दिलंय, उतरवून घ्या. भावाचा मृदंग. आण्णांच्या उपरण्यात गुंडाळलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

रोखठोक
याचा अर्थ घरात तुझं सामान नको असाच होतो ना? वाईट वाटू देऊ नका पण वडिलांनी दार लावलं.

वसईचा_पोर्तुगीज_वाडा
मला नाही तसं वाटत. हाकलायचं असतं तर कपडे पाठवले असते.

एक_अनामिका_४१
मला खरंच कळत नाहीये, दोन्ही असू शकतं. एकाच वेळी.

धा_धीं_ता
ताई, एक विचारू? मृदंग कसा आहे, वाद्या ढिल्या आहेत का, पुडी नीट आहे का? इतके दिवस नुसता पडून असेल तर बघून घ्या, मी शनिवारी येऊन ओढून देतो.

इंद्रायणीकाठ
@धा_धीं_ता, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता भावाला उठवून विचारलं. डावी पुडी आषाढीत वाल्ह्याच्या मुक्कामी पावसात भिजून फाटली होती, तेव्हापासून तशीच होती, करू करू म्हणत राहिलेली. आता नवी आहे. वाद्याही नव्या, ओढून घेतलेल्या. आमच्या गावात हे काम करणारा कुणी नाही, त्यासाठी आण्णांना नगरला जावं लागलं असणार, एसटीने, मृदंग मांडीवर घेऊन.

भाऊ स्वयंपाकघरात आहे. कणकेचा डबा कुठे आहे विचारतोय.